घरच्यांचा वाटा

मिलिंद, येत्या सोमवारी मी शिरोळच्या दवाखान्यातल्या राउटरमध्ये जाऊन तू लिहिलेली एक ओळ बदलणार आहे. आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणशील, मी गेलो आणि बाईनं लगेच डाव साधला. तसं समज हवं तर. इतकी वर्षं आपण त्या एका ओळीवरून भांडलो. तू होतास तोवर मी तिला हात लावला नाही, कारण एकमेकांचं लिहिलेलं विचारल्याशिवाय बदलायचं नाही हे आपलं ठरलेलं. आता विचारायला तू नाहीस, म्हणून हे असं सांगणं.

काल तुझा जलदानविधी झाला. दारात मांडव, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, भन्तेजींच्या मागोमाग सगळे वंदना म्हणत होते. मला पुढचे शब्द येईनात, मी नुसते ओठ हलवले. तू शेजारी असतास तर कोपरानं ढोसलं असतंस. फोटो तुझा ट्रस्टच्या ओळखपत्रावरनं मोठा केलेला, त्यात तू अगदीच शहाण्यासारखा दिसतोस. मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग राग. तो राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या कुणावर नाही, तुझ्यावरच आहे.

आपली ओळख पॉलिटेक्निकची. मी कागलची, तू शिरोळकडचा, दोघंही एसटीचा पास खिशात घालून फिरणारे. तेव्हा कोल्हापुरात इंटरनेट म्हणजे मॉडेमची किरकिर आणि कुणी घरातला फोन उचलला की सगळं बंद. पुढं दवाखान्याच्या ट्रस्टनं कॉम्प्युटर विभाग काढला आणि आपण दोघं एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली येऊन बसलो. त्या खोलीत मी एकटी बाई. कंपनीचा माणूस आला की माझ्याकडं पाठ करून तुझ्याशी बोलायचा, आणि तू खुर्चीत रेलून म्हणायचास, "पावणं, राउटर ह्या बघतात. मी चहा बघतो." आणि खरंच चहा टाकायला उठायचास. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या एका वाक्यावर मी त्या खोलीत टिकले. आज म्हणते, उपकार झाले तुझे.

लाइन कसली बारीक होती ती! मोठा दवाखाना कोल्हापुरात, छोटे दवाखाने पन्हाळ्याला, कागलला, शिरोळला, आणि प्रत्येकाला जोडणारी एकेक भाड्याची लाइन. सगळं तिच्यातूनच जायचं. शिरोळच्या डॉक्टरांचा इथल्या हार्टच्या डॉक्टरांना फोन, पेशंटचा ईसीजी, औषधांची मागणी, ऑफिसच्या मेल, आणि कुणीतरी केबिनमध्ये बसून उघडलेले क्रिकेटचे फोटो. दारात उभ्या असलेल्या राउटरला यातलं काही कळत नाही. फोन असो की फोटो, लाइनीतनं सगळं बारीक तुकड्यांच्या पाकिटांतनं जातं, आणि त्याच्या लेखी सगळी पाकिटं सारखीच, जे आधी आलं ते आधी सोडायचं. त्यामुळं तिकडनं डॉक्टर 'छातीत' म्हणाले की इथं 'छा' पोचायचं आणि उरलेलं क्रिकेटच्या मागं अडकायचं. इथले डॉक्टर आपल्या खोलीत येऊन ओरडायचे, आणि त्यांचं बरोबरच होतं.

उपाय पुस्तकात होता. आलेल्या पाकिटांची दारातच वर्गवारी करायची, कोण कशासाठी आलंय ते ओळखायचं, आणि ज्याला थांबणं परवडत नाही त्याला पुढं काढायचं. वाचायला सोपं. पण कुणाला कुठं बसवायचं यावर आपण दोघं डोकं धरून बसलेलो, आणि त्यातच माझ्या धाकट्या भावाचं लग्न आलं.

तू पाहुणा म्हणून कागलला आलास आणि आल्या आल्या बुंदीची बादली उचललीस. माझी आई तुला पहिल्या पंगतीला बसवायला धावली, तर तू हात जोडून पुढं सटकलास. आधी पावणं, मग मानकरी, मग भावकी आणि गाव, आणि घरचे शेवटी, हा आमच्याकडचा शिरस्ता तू वाढता वाढता डोळे फाडून बघत होतास. सगळं आटोपल्यावर घरच्यांसोबत बसलास. बुंदी संपलेली, आमटीत पाणी घातलेलं. तू भात कालवलास आणि मला म्हणालास, रेखा, आपल्या लाइनीचं जमलं बघ.

आणि ऑफिसात आल्यावर तू राउटरमध्ये चार वर्ग पाडलेस. डॉक्टरांचा फोन म्हणजे पावणं, तो सगळ्यांच्या आधी सोडायचा, पण त्यालाही पोटापुरतंच, त्यानं अख्खी लाइन खायची नाही. ईसीजी आणि पेशंटचे कागद म्हणजे मानकरी, त्यांचा वाटा बाजूला काढून ठेवलेला. मागण्या, मेल, बाकीचं गाव म्हणजे पंगत, तिलाही तिचा वाटा. आणि आपल्या विभागाचं जे काही असेल ते घरचे. आपण काही उतरवून घेतो ते, आणि आपण इथं बसून लांबच्या राउटरमध्ये शिरतो तेही. घरच्यांना वाटा नाही. उरलं तर मिळेल.

नावं तू तीच ठेवलीस, इंग्रजी अक्षरांत. कंपनीचा बंगळूरचा इंजिनिअर फोनवर एकेक अक्षर वाचून विचारायचा, हे काय आहे, आणि तू त्याला तासभर लग्न समजावून सांगायचास. तो पुढं कधीही फोन आला की आधी हसायचा.

मला मात्र त्या चौथ्या वर्गाचं कौतुक वाटेना. त्या लग्नात तू उठल्यावर काय झालं ते तू बघितलं नव्हतंस. आई सगळ्यात शेवटी, चुलीजवळ उभ्या उभ्या, खरवडीचा भात चटणीशी खात होती. स्वतःच्या पोराच्या लग्नात. आणि ती जन्मभर तशीच जेवत आली. मी तुला म्हटलं, शेवटी बसव, माझं काही म्हणणं नाही, पण घरच्यांचंही मूठभर बाजूला काढून ठेव. तू मान हलवलीस. मी विचारलं, का नाही? तेव्हा तू चहाचा कप खाली ठेवलास आणि मला जे सांगितलंस ते आजही जसंच्या तसं कानात आहे.

"माझ्या आज्याला गावच्या पंगतीत सगळ्यांच्या शेवटी बसवायचे. भाईर, वेगळं. ते बसवणं हुतं. आज मी माझ्या मर्जीनं शेवटी बसतोय. ह्यात लई फरक हाय, रेखा."

त्या दिवशी मी विषय सोडला. आमच्या घरच्या जुन्या पंगतीतही असंच झालेलं असणार. पण दुसऱ्या दिवशी न राहवून म्हटलंच, फरक आहे, पटलं मला. पण मर्जीनं बसलास तरी ताटात काय होतं ते सांग. तू खो खो हसलास आणि म्हणालास, "भात हुता की!" तिथं ते भांडण थांबलं. मिटलं कधीच नाही. लाइन हळू झाली की मी डोळे वटारायचे आणि तू दुसरीकडं बघायचास.

तुझं सगळंच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. अध्यक्षांच्या केबिनचं आठवतं? वर्गवारीची बातमी वर पोचली आणि एकेक विश्वस्त आपल्याला पावण्यांत घाला म्हणून सांगायला लागले. नाही कसं म्हणायचं, मोठी माणसं. आपण मान ठेवला आणि सगळ्या केबिनी पहिल्या वर्गात घातल्या. काहींच्या मशिनी तर स्वतःच आपल्या पाकिटांवर तातडीचा शिक्का मारून पाठवत होत्या. झालं, फोन पुन्हा तुटायला लागला. शिरोळहून डॉक्टर पेशंटचं सांगत होते आणि इथं नुसतं खरखर. मी म्हणत होते, लेखी कळवू. तू सरळ अध्यक्षांच्या समोर जाऊन उभा राहिलास.

"साहेब, लग्नात समद्यांनाच पहिल्या पंगतीला बसवलं, तर ती पहिली ऱ्हातीय व्हय?"

अध्यक्ष म्हणाले, माझी मेल उद्या आली तरी चालेल, डॉक्टरचा फोन तुटता कामा नये. त्या दिवसापासून आपण कुणाचा शिक्का मानला नाही. कोण आहेस ते विचारायचं नाही, कशासाठी आलास ते दारात आपणच बघायचं. या एका नियमावर शिरोळचे किती पेशंट वेळेत कोल्हापूरला आले असतील, ते तुलाही माहीत नाही आणि मलाही.

मग तो महापूर. कृष्णा पसरत पसरत शिरोळपर्यंत आली, गावंच्या गावं उठून वर येत होती, आणि आपला तिथला दवाखाना उंचावर म्हणून तिथं ही गर्दी. दुपारी लाइन गच्च भरली. तिथल्या कुठल्यातरी कॉम्प्युटरला व्हायरस लागलेला, तो सारखा कचरा पंगतीच्या वाट्यात फेकत होता. फोन चालू, ईसीजी चालू, पण औषधांची मागणी पोचेना. मी इथनं राउटरमध्ये शिरून बघणार होते की कुठली मशीन नासलीये, तिला तिथल्या तिथं बंद केली असती. शिरताच येईना. का? कारण मी घरची. वाटा नाही. उरलं तर मिळणार, आणि उरत काहीच नव्हतं.

आपण फोनवर सिस्टरना सांगायला गेलो, निळी वायर काढा. सगळ्याच वायरी निळ्या. बाई वैतागून म्हणाल्या, आमी हितं पेशंट बघू का वायरी मोजू, आणि फोन ठेवला. तू रेनकोट चढवलास. मी म्हटलं, वेडा आहेस का, रस्ता बंद आहे. तू जयसिंगपूरपर्यंत कसाबसा गेलास आणि पुढं उसाच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून पाण्यातनं दवाखान्यात पोचलास. अर्ध्या चाकाएवढं पाणी होतं म्हणे. नासलेली मशीन काढलीस, मागणी सुटली, औषधं निघाली. परत आलास तेव्हा तुझ्या बुटांतनं पाणी गळत होतं आणि तू छाती काढून सांगत होतास, "बघ, पेशंटचा एक बी कॉल तुटला न्हाय."

खरं होतं ते. एकही तुटला नव्हता. तुझी मांडणी त्या दिवशी पुरात तरली. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं, पण मी इतकी घाबरलेली की तोंडातनं शिव्याच आल्या. मी म्हटलं, घरच्यांना मूठभर ठेवलं असतंस तर मी इथनं ते काम केलं असतं, तुला पाण्यात उतरायला लागलं नसतं. तू बूट उलटे करून पाणी काढत म्हणालास, "पर पोचलो न्हवं?" पोचलास. त्या वेळी पोचलास.

तुझी ती सवय राउटरपुरती असती तर मी आज एवढी चिडले नसते. घरून वैशालीवहिनींनी डब्यात दोन भाज्या दिल्या की एक तू विभागात वाटून टाकायचास. रजा आधी माझी, मग वॉर्डबॉयची, मग तुझी उरली तर. आणि गेल्या दिवाळीनंतर तू जिना चढताना कठड्याला धरून उभा राहायला लागलास. मी विचारलं तर म्हणे ॲसिडिटी हाय. डावा हात चोळायचास आणि म्हणायचास माऊस धरून धरून दुखतोय. अरे, खालच्या मजल्यावर ईसीजीचं मशीन. छोट्या दवाखान्यांतनं इथं पोचलेली ईसीजीची प्रत्येक रेघ तू जोडलेल्या लाइनीतनं आलेली. शिरोळच्या अनोळखी माणसाच्या छातीतलं कोल्हापूरच्या डॉक्टरांना डोळ्याची पापणी लवायच्या आत दिसावं म्हणून तू जिवाचं रान केलंस, आणि स्वतः त्या टेबलावर आडवा होईनास.

एकदा मी तुला दंडाला धरून त्या दारापर्यंत नेलं होतं. आठवतं? बाहेर बाकावर माणसं बसलेली. तू त्यांच्याकडं बघितलंस आणि माझा हात सोडवून घेतलास.

"पेशंट बसल्यात, रेखा. आपण काय, घरचेच. हुईल कधीबी."

कधीही झालं नाही. तू संध्याकाळी दारात गाडी लावलीस, पायरीवर टेकलास, आणि वहिनी पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत संपलं होतं. मला फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, ईसीजी काढला का? कुणाला विचारत होते, काय विचारत होते, देव जाणे.

काल विधी झाल्यावर मांडवात जेवणं सुरू झाली. मी बसले नव्हते. वहिनी एका खांबाला टेकून उभ्या होत्या, हातात पाण्याचा जग. शेजारच्या बायका बसा बसा म्हणत होत्या आणि त्यांची नजर पंगतीवरनं फिरत होती, कुणाला भात हवाय, कुणाचा पेला रिकामा आहे. डोळे सुजलेले. मी जवळ गेले तर मलाच म्हणाल्या, "रेखाताई, तुमी बसा की. पावणं जेवूदेत आधी. आमी घरचीच, मागनं बसतो."

हे मी ऐकलं, मिलिंद. तुझे शब्द, तुझ्याच बाईच्या तोंडात. मी त्यांच्या हातातला जग काढून घेतला आणि म्हटलं, "वहिनी, आज घरची आधी. मी वाढते." त्या नको नको म्हणत होत्या. कोपऱ्यात बसलेली तुझी आई एकदम मोठ्यानं म्हणाली, "बसवा तिला, बाई. तो गेल्यापासनं तिच्या पोटात धड घास न्हाय." मग मी वहिनींना हाताला धरून चालू पंगतीच्या मधोमध बसवलं. पाहुणे सरकले, कुणी तोंड वाकडं केलं नाही. मी भात वाढला, आमटी वाढली, समोर मांडी घालून बसले आणि म्हटलं, मी उठणार नाही. पहिला घास घेताना त्या हुंदका देऊन रडल्या. पण जेवल्या. ताट पुसून जेवल्या. पंगत मोडली नाही, कुणी उपाशी राहिलं नाही, कुणाचा मानही कमी झाला नाही. मी सगळं नीट बघून घेतलं.

तेव्हाच ठरवलं. आजा तुझा शेवटी बसवला गेला, ते पाप होतं. तू मर्जीनं शेवटी बसलास, ती तुझी मिजास होती, आणि मला तिचा अभिमान आहे, आजही आहे. पण शेवटी बसायचं म्हणजे उपाशी राहायचं, हे कुणी सांगितलं तुला? शेवटी बस, पण तुझ्या नावाचं झाकून ठेवलेलं असलं पाहिजे. एवढंच तर मी म्हणत होते. एवढंच तुला कधी पटलं नाही, आणि आता पटवून घ्यायला तू थांबला नाहीस.

तर सोमवारी असं होणार आहे. मी एसटीनं शिरोळला जाणार, वहिनींना सोबत घेऊन. इथनंही बदलता येतं, पण मला तिथं जाऊनच बदलायचंय, तू गेलास तसं. पावणं पहिले राहतील. मानकऱ्यांचा वाटा तसाच राहील. पंगतीचा थोडा कमी करीन, गाव काही बोंबलणार नाही. आणि घरच्यांना शेवटीच ठेवीन, तुझा शब्द मोडणार नाही, पण त्यांच्या नावावर वाटा लिहीन. लहानसाच. लाइन कितीही तुंबली तरी कुणी घेऊ शकणार नाही असा. कंपनीचा नवा माणूस म्हणतोय, ही गावठी नावं काढून टाका. त्याला मी सांगितलंय, नावं राहतील, तुला राहायचं तर राहा.

मग तिथल्या ईसीजीच्या खोलीबाहेर आम्ही दोघी बाकावर बसणार आहोत. बाहेर पेशंट असतीलच. असू देत. आमचाही नंबर लागेल. वहिनी कुरकुरतील, मला काय झालंय म्हणतील, तुझ्याच सुरात. मी त्यांना उठू देणार नाही. आधी त्यांचा काढीन, मग माझा, आणि दोन्ही तुझ्याच लाइनीतनं कोल्हापूरला जातील.

राउटरमध्ये प्रत्येक वर्गाखाली दोन शब्द लिहून ठेवायला जागा असते, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. बाकी तिन्हींच्या खाली तू लिहिलंयस. घरच्यांच्या खाली तू काहीच लिहिलं नव्हतंस. ती जागा इतकी वर्षं मोकळी आहे. तिथं मी लिहिणार आहे: हे रेखानं बदललंय. भांडायचं असेल तर ये.